बटवा नसलेली हौस

पगाराच्या दिवशी भांडण होत नाही असं घर कुणी दाखवलं, तर त्या घरातल्या माणसांना हार घालायला आम्ही स्वतः येऊ. औशाच्या तहसील कचेरीतले पेशकार रेणुकादास यांच्या घरी हे भांडण इतक्या नेमानं होई की शेजारच्या बायका त्यावरूनच नवा महिना लागल्याचं ओळखत.

निजामाच्या राज्याची ती अखेरची काही वर्षं. पगार हाली रुपयांत, म्हणजे निजामाच्या नाण्यांत, व्हायचा. रेणुकादास कचेरीतून आले की शेरवानी खुंटीला लावत, रुपये देवापुढे ठेवत आणि मग माजघराच्या भिंतीवर ओळीनं टांगलेले कापडी बटवे खाली घेत. एक धान्याचा, एक दुधातुपाचा, एक कपड्यालत्त्याचा, एक दुखण्याखुपण्याचा, एक आल्यागेल्याचा, आणि सगळ्यांत जाड कापडाचा होता तो सिंधुच्या, म्हणजे एकुलत्या एका मुलीच्या लग्नाचा. पगाराची वाटणी एकदा झाली की झाली. दुधाचा बटवा संपला तर उरलेला महिना काळा चहा, पण धान्याच्या बटव्याला हात लावायचा नाही. कचेरीतले कारकून महिना अर्धा व्हायच्या आत उसनवारीला लागत, तेव्हा रेणुकादास त्यांना या बटव्यांचं व्याख्यान ऐकवत. व्याख्यान चांगलंच होतं, त्याबद्दल आमची काही तक्रार नाही.

भांडण व्हायचं ते भिंतीवर नसलेल्या एका बटव्यावरून.

ओसरीच्या मोठ्या भिंतीवर सागवानी फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यांवर खिळ्या-खिळ्याला अडकित्ते टांगले होते. मोराचे, राघूचे, घोड्याचे, काहींच्या मुठीला घुंगरू, काहींच्या अंगावर चांदीची तार. सुपारी कातरायला घराला एक अडकित्ता पुरतो. ही भिंत म्हणजे रेणुकादासांची हौस होती. कोणता ओतीव, कोणता घडीव, कोणता बिदरच्या कारागिराच्या हातचा, कोणता देगलूरकडचा, हे ते डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगत.

"सगळे बटवे भरले?" प्रमोदिनीबाई दारात उभ्या राहून विचारत. "मग ओसरीवरच्या भिंतीचा बटवा कुठं आहे?"

"त्या भिंतीला बटवा लागत नाही. माझ्या हौसेपायी या घरातली एक पैसुद्धा बाहेर जात नाही, हे ध्यानात ठेव."

"तेच तर मला खुपून राहिलंय," त्या म्हणत, आणि इथून पुढे दोघांचा आवाज रस्त्यापर्यंत जाई. रेणुकादास ताटावरून उठून जात. मग काही दिवस घरात सगळे निरोप सिंधुमार्फत चालत. वडिलांना आंघोळीचं पाणी काढल्याचं सांग, आईला म्हणावं पाणी गार आहे.

आता खरं सांगायचं तर या हौसेलाही एके काळी बटवा होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी रेणुकादास माळेगावच्या जत्रेला गेले होते. तिथं त्यांनी घोड्याच्या तोंडाचा एक साधा पितळी अडकित्ता स्वतःच्या पैशानं घेतला, आणि तेव्हापासून ते लाल खणाच्या एका छोट्या बटव्यात दरमहा थोडं काही टाकू लागले. बटवा भरला की एखादा अडकित्ता यायचा, नाही भरला की नाही यायचा. पुढे एका वर्षी सिंधु विषमज्वरानं अंथरुणाला खिळली. दुखण्याखुपण्याचा बटवा आटला. प्रमोदिनीबाईंनी लाल बटवा खुंटीवरून ओढला, त्यातले रुपये डॉक्टरकडे धाडले आणि रिकाम्या बटव्यात मोहरी भरून तो स्वयंपाकघरात टांगला. पोर तापानं फणफणत असताना अडकित्त्यांना पैसे नाहीत, असं त्यांनी बजावलं, आणि त्या वेळी ते कुणीही मान्य केलं असतं.

पोर बरी झाली. पण बटवा मोहरीचाच राहिला. बाईंनी तो परत दिला नाही आणि रेणुकादासांनी ताठ्यापायी मागितला नाही. हौसेवर एक पै खर्च करायची नाही असं त्यांनी जाहीर करून टाकलं. खर्च बंद झाला, पण हौस काही गेली नाही.

इथं पेशकार म्हणजे कोण ते सांगायला हवं. तहसीलदारापुढे कागद ठेवायचे ते पेशकारानं. कुणाची मिसल, म्हणजे कुणाच्या खटल्याचे कागद, आज वर जायचे आणि कुणाचे गठ्ठ्यात खाली पडून राहायचे, हे त्याच्या हातात. अशा माणसाच्या ओसरीवर एक दिवस एक गरजू बसला. त्यानं पान जुळवताना कमरेचा अडकित्ता काढला. रेणुकादासांनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला, त्यांचे डोळे चमकले. तो माणूस म्हणाला, ठेवा साहेब. नको नको झालं, घ्याच झालं, आणि अडकित्ता खिळ्याला लागला. दुसऱ्या दिवशी त्या माणसाची मिसल गठ्ठ्यात सगळ्यांत वर होती. कशी आली, ते रेणुकादासांनी स्वतःला विचारलं नाही.

पैशाला मात्र ते शिवत नसत. एकानं रुपयांची थैली आणली, तर ती त्यांनी भर रस्त्यात भिरकावली होती. त्यामुळे तालुक्यानं आपल्या परीनं अर्थ लावला. पेशकार पैसा घेत न्हाई, अडकित्ता न्या. कचेरीसमोर मन्मथअप्पाचं किराण्याचं दुकान होतं. तिथं मिठाच्या पोत्यावर, गुळाच्या ढेपेशेजारी सोलापूरहून आणलेले अडकित्ते लटकू लागले. ज्याची पेशी, म्हणजे सुनावणी, असेल तो आधी मन्मथअप्पाच्या पायरीवर चढे, मग कचेरीच्या. आणि आमचे रेणुकादास खुशाल समजत की आपल्यामुळे औशाच्या लोकांना चांगल्या वस्तूंची पारख येऊ लागली आहे! तहसीलदारांनाही त्यांनी हे अभिमानानं ऐकवलं होतं.

प्रमोदिनीबाईंनी भिंतीवरच्या वस्तू चिंचेनं घासायचं केव्हाच सोडलं होतं. ओसरीवर कुणी फडक्यात काही गुंडाळून आणलं की त्या आतून भांडी आपटत. पाहुण्याला पाणी मिळत नसे, आणि रेणुकादास त्यांना माणुसकी नसलेली बाई म्हणत.

अशातच सिंधुचं लग्न ठरायला आलं. स्थळ लातूरचं होतं. मुलगा उद्धव शाळेत शिक्षक, वडील बापूसाहेब वकील, घर सरळ. पत्रिका जुळली, मुलीला मुलगा पसंत पडला, देण्याघेण्याचा शब्दही निघाला नाही. राहिली होती फक्त सुपारी. आपल्याकडे तोंडी बोलण्याला तितका अर्थ नाही. दोन्हीकडची वडीलधारी माणसं समोरासमोर बसतात, सुपारी फोडतात, आणि मग लग्न ठरलं म्हणतात. त्यानंतर ते मोडणं म्हणजे दोन्ही घरांची बेअब्रू.

ठरल्या दिवशी लातूरची मंडळी मोटारीनं आली. बापूसाहेबांबरोबर त्यांची थोरली बहीण चंद्रप्रभाबाई होती. बाई विधवा, अंगानं वाळलेली, बोलायला मोजकी. ती ओसरीवर नेमकी त्या भिंतीसमोर बसली आणि पुढे केलेल्या पाण्याला तिनं हात लावला नाही. सिंधु आली, नमस्कार करून बसली. बाईनं तिला दोन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि समाधानानं मान हलवली. रेणुकादासांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आपल्या संग्रहातला सर्वांत देखणा, मोराचा अडकित्ता तबकात घालून पुढे आणला.

"थांबा, पेशकारसाहेब," चंद्रप्रभाबाई म्हणाली. "आमच्या घरातली सुपारी आमच्याच अडकित्त्यानं फुटते. माझी फुटली, या बापूची फुटली. वडिलांनी तो मला दिला होता, पण माहेरी कार्य निघालं की मी तो घेऊन येते."

बापूसाहेब म्हणाले, "मग काढ की, अक्का. आणला असशीलच."

"मी कुठून आणू? तो यांच्या घरात आहे." तिनं रेणुकादासांकडे पाहिलं. "आमचा अडकित्ता काढा, साहेब."

रेणुकादास हसले, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना. मग ते भिंतीकडे वळले. बाईला त्यांनी कधी पाहिल्याचं आठवत नव्हतं. वकिलाच्या घरची वस्तू म्हणजे भारीच असणार, या हिशेबानं त्यांनी चांदीची तार भरलेला एक काढला.

"हा?"

"नाही. हा कुणाचा?"

"हे बिदरी काम आहे. अशी बारीक तार आता कुणी भरत नाही..."

"कुणाचा, ते विचारून राहिले मी."

ते रेणुकादासांना सांगता येईना. त्यांनी राघूचा काढला. बाईनं पुन्हा तेच विचारलं. त्यांनी घुंगरांचा काढला. पुन्हा तेच. धातू, घडण, गाव, वय, सगळं त्यांना पाठ होतं. माणूस मात्र एकाचाही आठवत नव्हता. कानशिलं तापली, तशी त्यांची जीभही तापली.

"बाई, माझ्या घरात बसून तुम्ही माझी झडती घेताय," ते ओरडले. "उभ्या तालुक्यात विचारा, रेणुकादासनं कुणाचा पैसा घेतलाय का ते!"

"पैसा घेतला असता तर बरं होतं. गेलेला पैसा माणूस पुन्हा कमावतो."

"लोक आवडीनं देतात. मी कुणाकडे मागितलं नाही."

"हाव, आवडीनं देतात," बाई म्हणाली. "मग मला एवढंच सांगा. ज्याचं तुमच्याकडं काहीच काम अडलेलं नव्हतं, असा एक तरी माणूस अडकित्ता घेऊन आला का?"

रेणुकादासांनी तोंड उघडलं. भिंतीवर इतके अडकित्ते होते, निदान एक तरी सापडेल म्हणून ते मनातल्या मनात शोधत राहिले. सापडला नाही.

मग चंद्रप्रभाबाईनं आपली हकिगत सांगितली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे ती ऐकणं जास्तच जड गेलं. नवरा वारल्यावर औसा तालुक्यातली त्याची जमीन तिच्या नावावर व्हायची होती आणि दीर आडवा आला होता. कागद कचेरीत पडून होते. भावाला त्रास नको म्हणून ती एकटीच खेटे घालत होती. सगळ्यांनी सांगितलं, अडकित्ता न्या. घरात होता तोच नेला. पेशकारांनी तो दोन बोटांत धरून पाहिला, बरं आहे म्हणाले, आणि बाजूला ठेवला. कागद तसेच पडून राहिले. दिरानं त्या हंगामाची ज्वारी कापून नेली, पुढच्या हंगामाची तूरही नेली. शेवटी मन्मथअप्पानंच तिला समजावलं की अक्का, लोखंडावर काम भागत नसतं, मोर न्या. तिनं चांदीच्या वाट्या मोडल्या आणि मोर पाठवला. आठवडा उलटायच्या आत जमीन नावावर झाली.

रेणुकादासांना मोर आल्याचा दिवस आठवला. किती खूश झाले होते ते! मन्मथअप्पाच्या माणसाला त्यांनी स्वतःहून विचारलं होतं, कुणाचं काम आहे म्हणून.

तेवढ्यात आतून काहीतरी फरफटत येण्याचा आवाज आला. प्रमोदिनीबाई पत्र्याची पेटी ओढत ओसरीवर आल्या आणि पाहुण्यांसमोर त्यांनी ती पालथी केली. भिंतीवर लावण्याच्या लायकीचे नाहीत म्हणून टाकून दिलेले अडकित्ते खणखणत जमिनीवर पसरले. चंद्रप्रभाबाईला शोधावं लागलं नाही. तिनं एक काळा लोखंडी अडकित्ता उचलला. गावच्या लोहारानं घडवलेला, अंगठा जिथं टेकतो तिथं झिजून खळगा पडलेला. तिनं तो पदरानं पुसला.

"आणि तबकातला मोरही मीच दिलेला," ती उठत म्हणाली. "पण तो आमचा नाही. तो तुमचा भाव आहे."

बापूसाहेबांनी बहिणीला थोपवायचा प्रयत्न केला. मुलीचा यात काय दोष, असं ते म्हणाले. बाईनं ते कबूल केलं. मुलगी लई आवडली म्हणूनच इतकं बोलले, नाहीतर आले तशीच पाणी न घेता निघून गेले असते, असं तिनं सांगितलं. हौसेलाही तिचं काही म्हणणं नव्हतं. तिचे वडील अत्तरं जमवत. दर महिन्याला त्यासाठी कमाईतून ठरावीक रक्कम बाजूला काढत, आणि तेवढ्यात बसेल तेच घेत. बसत नसेल त्या महिन्यात अत्तरवाल्याकडे जाऊन नुसता वास घेऊन परत येत.

"ही भिंत रिकामी करा. ज्याचं त्याला द्या," ती म्हणाली. "मग मी माझा अडकित्ता घेऊन येते. तोवर सुपारी फुटायची नाही."

मंडळी निघून गेली. सुपारी न फोडता पाहुणे परतल्याची बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली.

त्या घरात नंतर जे झालं त्याला भांडण म्हणणंही सौम्य होईल. रेणुकादासांनी स्थळाच्या नावानं कडाकडा बोटं मोडली. लातूरचा वकील म्हणजे काय मोठा लागून गेला, दुसरी पन्नास स्थळं मिळतील, असं ते म्हणाले. सिंधुनं जेवण सोडलं. प्रमोदिनीबाईंनी सरळ सांगितलं की आठवडी बाजाराच्या दिवशी हे सगळं घेऊन मन्मथअप्पाच्या दुकानासमोर बसायचं आणि ज्याचं त्याला द्यायचं.

"पेशकारानं जमिनीवर बसायचं? बाजारात?"

"तुम्ही नाही बसलात तर मी बसते."

त्या बसल्या असत्या. हे रेणुकादासांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांचा तोल गेला. इतक्या वर्षांत न काढलेली गोष्ट त्यांनी काढली. "बटवा होता माझा! तू ओढून घेतलास. तो राहिला असता तर मी कुणाच्या अडकित्त्याकडे पाहिलं नसतं."

प्रमोदिनीबाईंनी ते नाकारलं नाही. "घेतला," त्या म्हणाल्या. "पोर बरी झाल्यावर परत द्यायला पाहिजे होता. ती माझी चूक. पण मी त्यात मोहरी भरली. तुम्ही तो लोकांच्या दारी पसरलात."

बाजाराच्या दिवशी रेणुकादास सतरंजी घेऊन निघाले ते मन बदललं म्हणून नाही. बायकोच्या धाकानं आणि मुलीच्या उपाशी तोंडाकडे पाहवेना म्हणून. मन्मथअप्पाच्या दुकानासमोर त्यांनी सगळे अडकित्ते मांडले आणि शेरवानी सावरत बसले. त्यांना वाटलं होतं, लोक धावतील, दुवा देतील, पेशकार किती थोर म्हणतील. लोक लांबूनच वळसा घालून जाऊ लागले. काही जण जनावरांच्या बाजारापर्यंत जाऊन ही गंमत सांगून आले. मन्मथअप्पा फळीवरून खेकसला की साहेब, माझ्या पोटावर कशाला पाय देता, आणि त्यानं दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावून घेतल्या.

बराच वेळ गेल्यावर गर्दीत शेषेराव नावाचा एक शेतकरी थबकला. त्याची नजर एका अडकित्त्यावर अडकली होती. हात पुढं आला आणि पुन्हा मागं गेला. रेणुकादासांनी हाक मारली, तसा तो दोन्ही हात जोडून जवळ आला.

"तुमचा आहे का? घेऊन जा."

"न्हाई साहेब, ऱ्हाऊ द्या. काम झालंय माजं. आता परत घेतलं, अन् ते उलटं झालं म्हंजी?"

"उलटं होणार नाही. घ्या म्हणतो ना."

शेषेराव आणखी खाली वाकला. चार माणसांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यानं विचारलं, "साहेब, पोराची मिसल अजून कचेरीत हाय. अडकित्ता चालत न्हाई म्हनता, तर आता काय चालतंय तेवढं सांगा. तसं आनतो."

रेणुकादासांना वाटलं, कुणीतरी भर बाजारात तोंडात मारली. या माणसाला वाटत होतं की पेशकारानं भाव वाढवलाय! ज्या रेणुकादासांनी रुपयांची थैली रस्त्यात फेकली होती, ते या माणसाच्या लेखी थैली घेणाऱ्याहून वेगळे नव्हते. फरक एवढाच की थैली घेणाऱ्याचा दर ठरलेला असतो, आणि यांची मर्जी लोकांना ओळखत बसावी लागत होती.

ते उठले. अडकित्ता त्यांनी शेषेरावाच्या हातात ठेवला आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटली.

"काही आणू नका," ते म्हणाले. "तुमचं काम तुमच्या हक्काचं होतं. मुलाचंही त्याच्या पाळीनं होईल. हे मी घ्यायला नको होतं. माझं चुकलं."

शेवटचं वाक्य त्यांनी मोठ्यानं म्हटलं. बाजारात पेशकारानं असं म्हटल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. शेषेरावानं अडकित्ता कनवटीला लावला आणि निघून गेला. मग एकेक जण येऊ लागला. कुणी आपला उचलला, कुणी आपल्यापेक्षा चांगला उचलला, दोघांची एका राघूवरून जुंपली. कुणी दुवा दिली नाही. एक म्हातारा तर त्यांच्याकडे न पाहता सतरंजीशेजारी थुंकून गेला. रेणुकादासांनी ते सगळं बसून सोसलं. ऊन कलल्यावर ज्यांना कुणी धनी आला नाही ते उरले. ते, आणि माळेगावचा घोडा सोडून बटव्याच्या पैशानं घेतलेलेही, त्यांनी देवीच्या देवळात नेऊन दिले, अशासाठी की ज्याच्या घरात अडकित्ता नसेल त्यानं कार्यापुरता न्यावा आणि परत आणून ठेवावा. मोर तेवढा त्यांनी चंद्रप्रभाबाईसाठी वेगळा काढला.

पंधरवड्यानं लातूरची मंडळी पुन्हा आली. फळ्यांवर नुसते खिळे होते, आणि मधोमध माळेगावचा घोडा एकटा लटकत होता. चंद्रप्रभाबाईनं भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. रेणुकादासांनी मोर पुढे केला. तिनं तो घेतला, वाट्या काही परत येत नाहीत असं म्हणाली, आणि रेणुकादासांनी मान खाली घातली. झालेलं सगळंच भरून येत नसतं. मग तिनं पदराखालून काळा अडकित्ता काढून त्यांच्या हातात दिला.

"फोडा, व्याही."

सुपारी कडक होती. पात्याला धार मात्र अशी होती की एका दाबातच दोन शकलं झाली. अंगठ्याच्या खळग्यात आपला अंगठा किती नेमका बसला, ते रेणुकादासांच्या बोटांना लगेच कळलं. सवयीनं त्यांनी तो उलटून पाहिला, आणि दोन्ही हातांनी परत दिला. प्रमोदिनीबाईंनी पाणी आणलं. या वेळी चंद्रप्रभाबाईनं ते घेतलं.

पुढच्या पगाराच्या दिवशी बटवे खाली आले, तेव्हा प्रमोदिनीबाईंनी लाल खणाचा बटवा आणून त्यांच्यापुढे टाकला. त्याला मोहरीचा वास येत होता. त्यात टाकायचं ते किती, यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. बाईंनी वर हेही सांगितलं की तेवढीच रक्कम दरमहा त्यांनाही हवी, आणि तिचं त्या काय करतील हे कुणी विचारायचं नाही. रेणुकादास पुष्कळ ओरडले आणि शेवटी दुसरा बटवा शिवायला कापड आणून दिलं. पुढच्या माळेगावच्या जत्रेत त्यांनी एक लहानसा अडकित्ता घेतला. मोठा आवडला होता, पण बटव्यात तेवढे नव्हते, म्हणून तो नुसता हाताळून ते परत आले.

वाचकहो, हौस कुणाला नसते? कुणी अडकित्ते जमवतं, कुणी अत्तरं, कुणी घड्याळं. जमवा की. पण आपल्या मिळकतीतून तिच्यासाठी थोडं का होईना बाजूला काढा, आणि ते संपलं की हात आवरा. घरातल्यांनीही त्या थोड्यावर डोळा ठेवू नये, कारण उघड्या खर्चाचं दार बंद केलं की हौस मागच्या दारानं येते. ज्या हौसेला आपल्या पगारात बटवा नाही ती फुकटची नसते. तिच्यासाठी दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला बटवा रिकामा होत असतो. तो कुणाचा, हे आपल्या भिंतीसमोर उभं राहून आपणच विचारावं, दुसऱ्यानं येऊन विचारायच्या आधी.